मास्टर व्हॉल्यूम आणि अटेन्युएटर: आवाज नेमका कुठे कमी करायचा?

घरी वाजवायला कुणी जुना, छोटा व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घेतला की आठ-पंधरा दिवसांत त्याचा प्रश्न येतोच: "आवाज फार होतोय, कमी कसा करू?" उत्तरही ठरलेलं असतं: "मास्टर व्हॉल्यूम बसवून घे, नाहीतर अटेन्युएटर लाव. दोन्ही एकच." मास्टर म्हणजे अ‍ॅम्पच्या आत पॉवर व्हॉल्व्हच्या आधी सिग्नल कमी करणारं बटण, अटेन्युएटर म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मधे लावायचा डबा. मी गेली कित्येक वर्षं हे उत्तर ऐकतोय. ते चूक आहे, आणि त्या चुकीपायी साठ वर्षं जपलेल्या अ‍ॅम्पना भोकं पडतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उदाहरणाला फेंडर चँप घेतो. घरगुती जुन्या अ‍ॅम्पमध्ये हा बऱ्याचदा सापडतो, आणि त्याचं सर्किट इतकं साधं आहे की मुद्दा लगेच दिसतो. १९६४ नंतरच्या काळ्या पट्टीच्या चँपमध्ये तीनच व्हॉल्व्ह आहेत: गिटारचा सिग्नल वाढवणारा छोटा १२एएक्स७, स्पीकरला ताकद देणारा पॉवर व्हॉल्व्ह ६व्ही६ आणि डीसी करून देणारा एक ५वाय३. आठ इंची एक स्पीकर. पुढे व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस अशी तीन बटणं. ताकद साधारण ५ वॅट. त्याआधीच्या ट्वीड कापडाच्या चँपला तर व्हॉल्यूमचं एकच बटण होतं.

मास्टर व्हॉल्यूम तुम्हाला माहीत आहे. आजच्या बहुतेक अ‍ॅम्पवर तो असतो. गेन वाढवायचा, मास्टर कमी ठेवायचा, रात्री अकरालाही डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला आवाज, मिळतं. मार्शलने १९७५ मध्ये २२०३ हे मॉडेल काढलं तेव्हापासून ही जोडी रुळली. त्याआधी अमेरिकेत रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या छोट्याशा प्रिन्स्टनमध्ये जादा ताकद भरून बूगी या अ‍ॅम्पची सुरुवात केली होती. हे अ‍ॅम्प मुळातच असे बांधलेले असतात की आवाज पुढच्या छोट्या व्हॉल्व्हमध्येच फाटावा. त्यासाठी एकामागोमाग एक असे तीन-चार टप्पे ठेवलेले असतात. तिथे मास्टर व्हॉल्यूम अगदी योग्य. यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

आता चँप. इथे एकच प्रश्न विचारायचा: आवाज नेमका कुठे फाटतो?

गिटारचा सिग्नल आधी १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागात जातो. मग टोनची बटणं, मग व्हॉल्यूमचं बटण, मग १२एएक्स७ चा दुसरा अर्धा भाग, मग ६व्ही६, मग त्याची ताकद स्पीकरला जुळवून देणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी स्पीकर. एवढीच वाट. १२एएक्स७ चा दुसरा भाग चांगला दणकट आहे, स्वतः फाटायच्या कितीतरी आधी तो ६व्ही६ ला झेपेल त्याहून मोठा सिग्नल पाठवू शकतो. ६व्ही६ च्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या जाळीला, मात्र साधारण वीसेक व्होल्टचाच झोका झेपतो. म्हणून तुम्ही व्हॉल्यूम ४ वरून ६ वर नेता तेव्हा आधी हार मानतो तो ६व्ही६. बोट जोरात लागलं की आवाज किंचित दाटतो, जरा खरखरतो, हलकं छेडलं की पुन्हा स्वच्छ होतो. लोक ज्यासाठी चँप शोधत फिरतात तो हा आवाज. तो ६व्ही६, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि दमलेला आठ इंची स्पीकर, या तिघांचा मिळून आहे.

या अ‍ॅम्पला मास्टर व्हॉल्यूम बसवायचा तर तो कुठे बसणार? १२एएक्स७ चा दुसरा भाग आणि ६व्ही६ यांच्या मधे. म्हणजे ज्याने फाटायचं त्यालाच आपण उपाशी ठेवणार. ६व्ही६ निवांत बसून राहतो. १२एएक्स७ फाटावा एवढा सिग्नल साध्या सिंगल कॉइल पिकअपमधून सहज येत नाही, आणि आलाच तर जे फाटतं ते चिरकं, चपटं, माशीच्या भुणभुणीसारखं. आवाज कमी झाला, हे खरं. पण ज्या गोष्टीसाठी अ‍ॅम्प घेतला तीच गोष्ट बंद पडली.

मी शिकवताना फोडणीचं उदाहरण देतो. मोहरी तडतडायला तेल तापावं लागतं. शेजारी झोपलेत म्हणून गॅस मंद ठेवला तर मोहरी तडतडतच नाही आणि फोडणी कच्ची राहते. तेल नीट तापवून, मोहरी तडतडू देऊन वर झाकण घातलं तर फोडणीही होते आणि आवाजही कोंडला जातो. चँपला मास्टर बसवणं म्हणजे गॅस मंद करणं. अटेन्युएटर म्हणजे झाकण.

कारण अटेन्युएटर बसतो आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांच्या मधे, सगळं काम होऊन गेल्यानंतर. ६व्ही६ पूर्ण जोरात राबतो, ट्रान्सफॉर्मर राबतो, आणि मग तयार झालेली ताकद स्पीकरला जायच्या आत अटेन्युएटर तिचा मोठा भाग उष्णतेत घालवतो. उरलेली थोडी स्पीकरला मिळते. १९८० च्या सुमारास बॉस्टन या बँडचे टॉम शोल्झ यांनी 'पॉवर सोक' नावाने असं यंत्र विकायला काढलं तेव्हापासून ही कल्पना घरोघरी पोचली.

आता या गोंधळाची पोटगल्ली, जिथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. बाजारात एक बटण असलेला छोटा, स्वस्त डबा मिळतो. तो अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हच्या आधी बाहेरची यंत्रं जोडायच्या जागी, लावायचा असतो. विकणारे त्याला बिनधास्त 'अटेन्युएटर' म्हणतात. तो पॉवर व्हॉल्व्हच्या आधी बसतो, म्हणजे तो निव्वळ मास्टर व्हॉल्यूम आहे. वर चँपला इफेक्ट्स लूपच नसतो, त्यामुळे डबा हातात घेऊन बसावं लागतं. तो स्पीकरच्या जागी लावायचा तर विचारही करू नका, तिथली ताकद त्याला झेपणार नाही. दुसरा सल्ला असतो 'फेज इन्व्हर्टरनंतरचा मास्टर' बसवून घेण्याचा. फेज इन्व्हर्टर म्हणजे पॉवर व्हॉल्व्हच्या जोडीला एकमेकांच्या उलट असे दोन सिग्नल करून देणारा टप्पा. दोन किंवा चार पॉवर व्हॉल्व्ह जोडीने चालतात त्या अ‍ॅम्पमध्ये तो चांगला उपाय आहे. चँपमध्ये एकच पॉवर व्हॉल्व्ह आहे, फेज इन्व्हर्टर नावाची गोष्टच नाही. जो माणूस चँपसाठी हा सल्ला देतो त्याने चँपचं सर्किट कधी पाहिलेलं नाही, एवढं ओळखावं.

"पण ५ वॅटला कशाला हवं हे सगळं?" हा पुढचा प्रश्न. वॅट आणि कानाला जाणवणारा आवाज यांचं नातं सरळ नाही. ताकद दहापट केली तर आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॅटच्या अ‍ॅम्पपुढे आपला ५ वॅटचा चँप निम्म्या आवाजाचा वाटतो, दहावा हिस्सा नव्हे. आठ इंची स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ९० डेसिबलच्या पुढेमागे आवाज देतो असं धरा. ५ वॅटला त्यात ७ मिळवा, झाले ९७. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, भिंतीपलीकडे कुणाचं बाळ झोपलेलं असताना, ९७ डेसिबल म्हणजे दारावर थाप ठरलेली.

हाच हिशेब उलटा करा. १० डेसिबल कमी केले तर ५ वॅटचा अर्धा वॅट होतो, आवाज निम्मा. ३० कमी केले तर उरतात ५ मिलिवॅट, आणि तेव्हा कुठे आपण ६७ ला येतो. घरात आपण मिलिवॅटच ऐकत असतो. त्यामुळे ज्या अटेन्युएटरवर फक्त 'निम्मी ताकद' असा एकच खटका आहे तो घेऊ नका. निम्मी ताकद म्हणजे अवघे ३ डेसिबल, शेजाऱ्यांना फरकही कळणार नाही.

अटेन्युएटर लावला की आवाज तोच राहतो, फक्त लहान होतो, असं सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. स्पीकर हा काही ठरावीक ४ ओहमचा रोध नव्हे. शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा रोध उसळतो, वरच्या सुरांकडे पुन्हा चढत जातो, आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प त्या चढउताराला प्रतिसाद देतो. मधे नुसते रेझिस्टर आले की हा संवाद तुटतो आणि आवाज मळकट होतो. कॉइल आणि कपॅसिटर घातलेले, स्पीकरसारखे वागणारे महाग 'रिअ‍ॅक्टिव्ह' अटेन्युएटर हे बरंचसं सावरतात. दुसरं कारण यंत्रात नसून आपल्या कानात आहे. हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. तिसरं, आठ इंची स्पीकरचा कागद स्वतः दमल्यावर जो आवाज देतो तो मिलिवॅटवर मिळणार नाही. म्हणून ६ ते १२ डेसिबल कमी करेपर्यंत अटेन्युएटर उत्तम, २० नंतर तडजोड. माझं मत पक्कं आहे: ती तडजोडसुद्धा चिरक्या मास्टरपेक्षा दहापट बरी.

लावताना तीन गोष्टींत हयगय नको. चँपचं आउटपुट ४ ओहमचं, ट्वीडच्या काळात ३.२, म्हणून अटेन्युएटर ४ ओहमचाच घ्या. १६ चा चालेल असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या किमान दुप्पट हवी, कारण पूर्ण फाटलेला अ‍ॅम्प कागदावरच्या वॅटपेक्षा बरीच जास्त ताकद ओततो. आणि अ‍ॅम्पपासून अटेन्युएटरपर्यंत स्पीकरची वायर वापरा, गिटारची नको. दोघींच्या टोकाला एकच जॅक असतो म्हणून लोक फसतात. गिटारच्या वायरचा आतला तार केसासारखा बारीक असतो, तो या कामासाठी नाही.

याच्याच पोटात एक धोका आहे. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पची सवय असलेले स्पीकरची वायर काढून बिनदिक्कत वाजवत राहतात. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प स्पीकरविना राहिला तर सहसा काही होत नाही, त्याला भीती शॉर्टची. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं बरोबर उलटं आहे. स्पीकर किंवा अटेन्युएटर काहीच जोडलेलं नसताना जोरात वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि त्याचं आतलं इन्सुलेशन जळू शकतं. मूळचा ट्रान्सफॉर्मर गेला की त्या अ‍ॅम्पचा अर्धा जीव गेला. हेडफोन लावून वाजवू म्हणून स्पीकर काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. 'अटेन्युएटरने अ‍ॅम्प खराब होतो' हे खरं नाही. व्हॉल्यूम सतत १० वर ठेवला की व्हॉल्व्ह लवकर थकतो, अटेन्युएटर असो वा नसो. व्हायब्रो चँपमधल्या परिणामाला फेंडर 'व्हायब्रेटो' म्हणायचं, पण तो ट्रेमोलो आहे, हलतो तो आवाजाचा चढउतार, सूर नव्हे. फेंडरने स्ट्रॅटोकॅस्टर गिटारच्या सूर हलवणाऱ्या दांडीला नेमकं उलटं, 'ट्रेमोलो', नाव दिलं, तो घोळ १९५४ पासूनचा आहे. अमेरिकेतून आलेला ११७ व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० वर चालवायला खरा लोखंडी गाभ्याचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० व्हीएचा पुरतो. इस्त्री-ड्रायरसाठी मिळणारा हलका प्रवासी कन्व्हर्टर चालणार नाही. आपल्याकडे ५० हर्ट्झ असल्याने अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो, म्हणून १२० पेक्षा ११० देणारा स्टेप-डाउन मला जास्त पसंत आहे. आणि दोन पिनांची जुनी वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची बसवून घ्या. मूळ अवस्था जपणं मला प्राणाहून प्रिय आहे, तरी एवढा एक बदल मी प्रत्येकाला करायला लावतो. आत चारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो, वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतो. ते काम जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून करून घ्या.

दोन वर्षांपूर्वी एक ओळखीचा मुलगा साठच्या दशकाच्या शेवटचा चँप घेऊन आला. पुढच्या पट्टीत, ट्रेबल आणि बेसच्या शेजारी, नवं भोक पाडून मास्टर बसवलेला. कुणीतरी 'दोन्ही एकच' असं सांगितलं होतं. मास्टर पूर्ण उघडल्यावर अ‍ॅम्प पुन्हा बोलायला लागला, पण तेव्हा तर मास्टर असून नसल्यासारखाच. भोक मात्र कायमचं. ती पट्टी पाहून मला खरोखर वाईट वाटलं. त्याआधी इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

माझी मांडणी अशी आहे. दिवसा व्हॉल्यूम ५ ते ६ वर, रिअ‍ॅक्टिव्ह अटेन्युएटर १० डेसिबलवर, आणि उरलेला आवाज गिटारच्या स्वतःच्या बटणाने. गिटारचं बटण ७ वर आणलं की चँप स्वच्छ होतो, १० वर नेलं की फाटतो, पायाशी काही ठेवावं लागत नाही. रात्री दहानंतर अटेन्युएटर काढून ठेवतो, व्हॉल्यूम २ वर, स्वच्छ आवाजात अंगठ्याने वाजवतो. इतक्या हळू ६व्ही६ फाटत नाही आणि फाटावा अशी माझी अपेक्षाही नसते. त्या पातळीला या छोट्या अ‍ॅम्पचा स्वच्छ आवाज इतका गोड आहे की कित्येकदा तासभर तेवढंच वाजवत बसतो.