झापल्यावर खेळ सुधारतो, तो कशामुळे?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा फुटबॉल सामना रंगात आला की गॅलरीच्या गोंगाटातूनही एक आवाज वेगळा ऐकू येतो. संघातला सगळ्यात भारी खेळाडू, बहुधा मधल्या फळीतला, सहकाऱ्याच्या चुकलेल्या पासवर हात उडवून ओरडतो, "आरं बघून दे की! डोळं कुठं हायती तुझं?" ज्याला बोलणी बसली तो मान खाली घालून पळत सुटतो. पाच-दहा मिनिटांत त्याचा एक झकास पास पडतो आणि गॅलरीत निकाल लागतो, "बघा, झापलं की खेळतंय पोरगं."

हा निकाल फक्त कोल्हापुरात लागत नाही. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन सरावात सहकाऱ्यांना सळो की पळो करून सोडायचा. १९९५च्या सराव शिबिरात त्याने स्टीव्ह करला ठोसाच लगावला, आणि १९९७च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात विजयी बास्केट टाकली ती याच करने, तीही जॉर्डनच्या पासवर. मँचेस्टर युनायटेडचा कॅप्टन रॉय कीन याची जीभ प्रतिस्पर्ध्यांपेक्षा स्वतःच्या संघालाच जास्त झोंबायची. आपल्याकडे २०२४च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत स्टंपच्या माइकमधून रोहित शर्माचा 'गार्डन'वाला दम (बागेत फिरल्यासारखे वागू नका, अशा अर्थाचा) ऐकू आला, तर लोकांनी त्याचे मीम करून डोक्यावर घेतले. एकंदर मत असे, की संघातला तारा खेळाडू कडक असला की संघ जिंकतो.

यात तथ्याचा अंश आहे. पण गॅलरीला तो जिथे दिसतो तिथे तो नाही. चुकलेल्या पासनंतर जी सुधारणा डोळ्यांना दिसते, तिचा मोठा हिस्सा शुद्ध गणिताचा आहे आणि तो कुणी तोंड उघडले नसते तरी दिसलाच असता.

एक खेळाडू घेऊ. त्याचे कसब असे, की १०० पैकी ७० पास बरोबर जातात. एका हाफमध्ये तो २० पास देतो. म्हणजे सरासरीने १४ बरोबर जायला हवेत. प्रत्यक्षात कधी १६ जातात, कधी १२. प्रत्येक पासमध्ये समोरच्याचा पाय, मैदानातला खड्डा, चेंडूची उसळी, सहकारी कुठे उभा आहे, असे डझनभर योगायोग असतात. हा चढउतार किती, हे काढायची सोपी रीत आहे. २० गुणिले ०.७ गुणिले ०.३ म्हणजे ४.२ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २. याला प्रमाण विचलन म्हणतात. कसबात तसूभरही फरक न पडता हा गडी एका हाफमध्ये १२ आणि दुसऱ्या हाफमध्ये १६ बरोबर पास देऊ शकतो, त्यात नवल काहीच नाही.

आता पहिल्या हाफमध्ये त्याचे फक्त ११ पास बरोबर गेले. हाफ टाइमला कॅप्टनने त्याला धुतला. दुसऱ्या हाफमध्ये त्याचे १२ किंवा जास्त पास बरोबर जाण्याची शक्यता किती? द्विपद वितरणाने (बरोबर किंवा चूक असे दोनच निकाल असताना शक्यता मोजायची रीत) हिशेब केला तर ८९ टक्के. कॅप्टन गप्प बसून लिंबाची फोड चोखत राहिला असता तरी ८९ टक्केच.

उलट बाजू पाहा. पहिल्या हाफमध्ये १७ बरोबर गेले आणि कॅप्टनने पाठ थोपटली, "नाद खुळा भावा!" दुसऱ्या हाफमध्ये आकडा १६ किंवा खाली येण्याची शक्यताही ८९ टक्के. म्हणजे शिवी दिली की दहातल्या नऊ वेळा खेळ सुधारणार आणि कौतुक केले की दहातल्या नऊ वेळा बिघडणार. वर्षानुवर्षे हेच पाहणारा कॅप्टन काय शिकेल? कौतुकाने पोरे शेफारतात आणि झापल्याने सरळ होतात, हेच. अनुभव त्याला खोटे शिकवतो आणि तेही रोज पुराव्यानिशी.

याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली उंच आईबापांच्या मुलांच्या उंचीवरून ते मांडले. झापाझापीशी त्याचा संबंध जोडला तो पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या डॅनियल कानेमन यांनी. इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना ते सांगत होते, की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगला शिकतो. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, आमचा अनुभव उलटा आहे. सुंदर कसरतीचे कौतुक केले की पुढची बिघडते, वाईट कसरतीवर ओरडलो की पुढची सुधारते. कानेमन यांनी जमिनीवर एक खूण केली आणि प्रत्येकाला त्या खुणेकडे पाठ करून दोन नाणी मागे फेकायला लावली. पहिल्या फेकीत जे खुणेच्या जवळ होते ते बहुतेक दुसऱ्या फेकीत लांब गेले, लांबचे जवळ आले. कोण कुणावर ओरडले नव्हते, कुणाला शाबासकी मिळाली नव्हती.

(गोलपोस्टला लिंबू-मिरची बांधणे, तीन सामने हरल्यावर कुणा बाबाकडून अंगारा आणणे, यांचेही 'गुण' येतात ते याच गणिताने. उपाय करायला माणूस जातो तो परिस्थिती तळाला गेल्यावर. तळाहून वाट बहुधा वरच जाते आणि श्रेय लिंबाला मिळते. 'विजेत्याची मानसिकता' विकणाऱ्या महागड्या कार्यशाळा या बाबतीत लिंबाच्या फार पुढे नाहीत, फक्त लिंबू स्वस्त पडते.)

आता थोडे खोल जाऊ. ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. संघात सगळ्यांचे कसब सारखे नसते. कुणी ६५ टक्क्यांचा, कुणी ७५ टक्क्यांचा. समजा खेळाडूंच्या खऱ्या कसबातला फरक प्रमाण विचलनाच्या भाषेत ५ टक्के आहे, म्हणजे २० पासमध्ये १ पास. कसबाची विचलनवर्ग-सरासरी, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, झाली १, योगायोगाची ४.२. पहिलीला दोन्हींच्या बेरजेने भागायचे. १ भागिले ५.२ म्हणजे सुमारे ०.१९. संघाच्या सरासरीपासून खेळाडू जितका लांब गेला, त्याच्या फक्त १९ टक्के अंतर पुढच्या हाफमध्ये टिकेल, असा याचा अर्थ. ११ पासवाला सरासरीपेक्षा ३ने खाली आहे. पुढच्या वेळी तो सरासरीने ०.६ने खाली असेल, म्हणजे १३.४. तेच २० ऐवजी २०० पास मोजले तर कसबाची बाजू १००, योगायोगाची ४२ आणि भागाकार ०.७०. एका हाफवरून खेळाडूला पायाचा कच्चा ठरवणे आणि दहा हाफवरून ठरवणे, यातला फरक ०.१९ आणि ०.७० इतका आहे.

ज्या गोष्टीत हा भागाकार लहान, तिच्यावर ओरडणे म्हणजे बहुतांशी योगायोगावर ओरडणे. ज्या गोष्टीत तो मोठा, तिथे बोलण्याला अर्थ आहे.

मग मोठा कुठे असतो? चेंडू गमावल्यावर विंगचा खेळाडू किती वेळा आपल्या हाफमध्ये परत येतो, हे मोजून पाहा. एकजण २० पैकी १८ वेळा येतो, दुसरा ६ वेळा येऊन बाकी वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहतो. इथे खेळाडूखेळाडूंतले अंतरच मोठे. ते प्रमाण विचलनाने ४ इतके धरले तर भागाकार ०.८च्या घरात जातो. परत पळण्याला चेंडूची उसळी आड येत नाही, खड्डा आड येत नाही. ते केले जाते किंवा केले जात नाही.

म्हणून मेहनत आणि कसब या दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या. मानसशास्त्राचे प्रयोगही हीच फाळणी दाखवतात, फक्त दुसऱ्या दिशेने.

कसबाचे आधी. २००२ साली सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी अनुभवी आणि नवशिक्या फुटबॉलपटूंना शंकूंमधून चेंडू काढत न्यायला लावले. एका फेरीत ठरावीक आवाज झाला की आत्ता चेंडूला पायाची कुठली बाजू लागली ते सांगायचे. दुसऱ्या फेरीत लक्ष भलतीकडेच, कानावर पडणाऱ्या शब्दांतला एक ठरलेला शब्द ओळखायचा. नवशिके पायाकडे लक्ष दिल्यावर बरे खेळले. अनुभवी खेळाडू उजव्या पायाने खेळताना पायाकडे लक्ष दिले की रेंगाळले आणि लक्ष शब्दांकडे असताना भराभर गेले. त्याच अनुभवी खेळाडूंना डाव्या पायाने खेळायला लावले की ते नवशिक्यांसारखे वागले. हजारो वेळा घोटलेली हालचाल आपसूक चालते. तिच्यात जाणीवपूर्वक लक्ष घातले की तिचे तुकडे पडतात. चालू सामन्यात ताऱ्याने "पाय नीट लाव की!" म्हणून ओरडणे म्हणजे सहकाऱ्याचे लक्ष नेमके नको तिथे ढकलणे. ज्या पोराचे पाय कच्चे आहेत त्याला हे सांगणे उपयोगी पडते, पण सरावात. पाय पक्के असलेल्याला सामन्यात सांगितले तर पुढचा पास आणखी वाकडा जातो.

मेहनतीचे बरोबर उलटे. फ्रेंच शेतकी अभियंता माक्स रिंगेलमान याने दोर ओढायला लावून जोर मोजला. एकट्याचा जोर १०० धरला तर दोघांत दरडोई ९३, तिघांत ८५, आठजणांत ४९. यातला काही भाग दोर एकाच क्षणी न ओढला गेल्याचा आणि बाकीचा चक्क आळसाचा. १९७९ साली बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी लोकांना एकेकटे आणि गटात टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावले. गटात आहोत असे वाटले की माणूस आवाज आवरता घेतो. त्याच तिघांनी नंतर दाखवले, की प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातोय असे कळले की हा आळस जातो.

कडक तारा जे खरे काम करतो ते हेच. त्याचा डोळा मोजपट्टीचे काम करतो. "तू मगाशी परत आला नाहीस, मी बघितलंय" या वाक्यात शिवी नसते तरी ते लागते, कारण गर्दीत लपायची जागा जाते. आवाज चढलेला असायलाच हवा असे नाही. फक्त बोलणाऱ्याने स्वतः परत पळालेले असायला हवे; ज्याने पुढेच उभे राहून सोनाराच्या थाटात चेंडूची वाट पाहिली त्याच्या तोंडून हे शोभत नाही आणि चालतही नाही.

त्यात एक मर्यादा आहे, ती बर्लिनच्या एका रोइंग क्लबात १९२०च्या दशकात ऑटो क्योलर याला सापडली. वजन उचलताना दुबळ्याला बलवानाशी अशा रीतीने जोडले, की दुबळा थांबला की दोघांचे काम थांबेल, तर दुबळा एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. पण दोघांच्या ताकदीतला फरक मध्यम असला तरच. फार मोठा असला की दुबळा मनातून हात टेकतो. जॉर्डनच्या दर्जाचा माणूस सतरा वर्षांच्या पोराला स्वतःशी मापत बसला, तर ते पोर जास्त पळणार नाही; ते चेंडू मागायचे बंद करेल. मैदानावर याची खूण स्पष्ट दिसते. बोलणी खाल्लेला खेळाडू पुढे पास द्यायचे सोडून चेंडू मागे स्टॉपरकडे ढकलू लागतो, किंवा समोरच्या बचावपटूच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. तिथे चेंडू येणार नाही हे त्याला ठाऊक असते. पास चुकण्याचा आकडा सुधारतो, कारण अवघड पास उरतच नाहीत. गॅलरी म्हणते, बघा, सुधारला!

कोचिंगच्या व्याख्यानांत उलट्या 'यू'चा आलेख दाखवून 'थोडा दबाव चांगला, जास्त वाईट' असे सांगतात. येर्कीस आणि डॉडसन यांचा १९०८चा तो मूळ प्रयोग उंदरांना विजेचे झटके देऊन केलेला होता. शाहू स्टेडियमवर तो जसाच्या तसा लागू करताना जरा जपून.

जॉर्डनचे काय, हा प्रश्न उरतोच. तो १९८४ साली शिकागोच्या संघात आला आणि पहिले विजेतेपद १९९१ साली मिळाले. तोंड त्याचे सातही वर्षे तेवढेच तिखट होते. दरम्यान १९८७ला स्कॉटी पिपन आला, १९८९ला फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाला. आणि तितक्याच तिखट जिभेचे जे तारे काहीच न जिंकता घरी गेले, त्यांच्यावर कुणी माहितीपट काढत नाही.

ज्यांना खरोखर तपासायचे आहे त्यांच्यासाठी गांधी मैदानावर जमेल असा प्रयोग. दोन शंकू एक मीटर अंतरावर ठेवा. संघातला साधारण खेळाडू २० पैकी १४ वेळा चेंडू मधून घालवेल इतके लांब त्याला उभे करा. आधी दोन दिवस हे अंतर जुळवण्यात घालवा, कारण फार सोपे किंवा फार अवघड झाले तर वरचे आकडे लागू पडत नाहीत. प्रत्येकाने २० पास द्यायचे. ११ किंवा कमी झाले तर नाणे उडवायचे. छापा पडला तर कॅप्टनने झापायचे, काटा पडला तर गप्प. लगेच पुढचे २०. नाण्याशिवाय हा प्रयोग फुकट, कारण कॅप्टन मनाने ठरवू लागला की नावडत्यालाच झापतो. पास बरोबर की चूक हे लिहिणाऱ्याला छापा पडला की काटा ते कळता कामा नये, शंकूला घासून गेलेला चेंडू बरोबर की चूक हे पहिल्या दिवशीच ठरवावे, आणि मैदान ओले असेल त्या दिवशीचे आकडे वेगळ्या पानावर.

१६ खेळाडूंनी एका संध्याकाळी अशा दोन जोड्या, म्हणजे प्रत्येकी ८० पास केले, तर वाईट फेऱ्या तीन-चार मिळतील. छाप्याच्या ३० आणि काट्याच्या ३० जमायला सतरा-अठरा संध्याकाळी लागतात. तेवढ्यावरही दोन सरासरींतला फरक एका पासपेक्षा कमी निघाला, तर तो योगायोगात जमा धरायचा.