तणाव्याला फाटे किती?

श्रावणात पन्हाळ्याच्या वाटेवर कुंपणाला हिरवी, पांढऱ्या रेघांची फळं लोंबताना दिसली की हात आपोआप जातो. रानतोंडली! गेल्या पावसाळ्यात मीही मूठभर तोडली. बांधावर भांगलणाऱ्या मावशी पिशवीत डोकावून म्हणाल्या, "ही कुठली तोंडली? शिवलिंगी हाय ती. टाक जा." त्यांनी नखानं एक फळ फोडलं. आतली बी थेट पिंडीच्या घाटाची.

दोन्ही वेली काकडीच्या कुळातल्या, दोन्हींची फळं पिकून लालभडक होतात. पण तोंडलं लांबट आणि एकेकटं. शिवलिंगीचं फळ गोटीएवढं, गोल, बहुधा झुबक्यानं, आणि लाल झालं तरी पांढऱ्या रेघा राखून असलेलं. ते विषारी मानतात. तोंडल्याचं फूल मोठं, पांढरंशुभ्र. शिवलिंगीचं बारीक, पिवळट.

फूल-फळ नसेल तर तणावा बघावा, म्हणजे वेल आधार धरते ती स्प्रिंगसारखी तार. तोंडलं आणि करटुलं यांचा तणावा एकेरी. शिवलिंगी आणि कवंडळ या रानवेलींच्या तणाव्याला फाटे. मात्र 'फाटा म्हणजे विष' असं कुणी ठरवू नये. दोडक्याला, दुधीलाही फाटे असतातच. चवीचं म्हणाल, तर या कुळातला कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा. भाजी शिजवूनही तो जात नाही. कारल्याचा कडूपणा निराळा, पण दुधी कडू लागला तर पहिल्याच घासाला थांबावं.

कळलावी या विषारी वेलीला वेगळा तणावा नसतोच, पानाचं टोकच वळून आधार धरतं. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांवरून ती लांबूनही ओळखू येते. धोका फुलं गेल्यावर. जमिनीतला कंद नांगराच्या फाळासारखा, म्हणून संस्कृतात ती लांगली. उकरणाऱ्याला मात्र तो रताळ्यासारखा किंवा रानकंदासारखा वाटू शकतो. त्यात कोल्चिसिन असतं. हेच द्रव्य गाऊट या सांधेदुखीवर अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून देतात, यावरून त्याची ताकद समजावी. पेशी दुभंगताना आत जे धाग्यांचं जाळं उभं राहतं, ते कोल्चिसिन बांधूच देत नाही. त्यामुळे जिथे पेशी सतत नव्या होतात तिथे आधी घाव बसतो: आतडी, मग हाडांतला मगज. सुरुवातीचे काही तास माणूस ठणठणीत असतो, नंतर उलट्या-जुलाब. वाचलेल्यांचे केस दोनेक आठवड्यांनी गळतात, कारण केसांची मुळंही त्याच घाईनं वाढणारी.