मॉडेल एफ ते मॉडेल एम : पत्रा, रिव्हेट आणि ‘मेम्ब्रेन’ हा शब्द

जुन्या कळफलकांच्या चर्चेत ‘मेम्ब्रेन’, म्हणजे कळांखालचा वाहक रेषा असलेल्या पातळ प्लास्टिक पत्र्यांचा थर, हा शब्द कमअस्सलपणाचे दुसरे नाव म्हणून वापरला जातो, आणि त्याच चर्चेत आयबीएमचा मॉडेल एम हा मजबुतीचा मानदंड मानला जातो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, कारण मॉडेल एमची प्रत्येक कळ अखेर मेम्ब्रेनवरच येऊन टेकते. हा गोंधळ कुठून आला हे कळण्यासाठी मॉडेल एफचा मॉडेल एम झाला त्या टप्प्यापाशी थांबावे लागते.

१९७०च्या दशकातील टर्मिनलांचे, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कळफलकाच्या संचांचे, कळफलक सर्वस्वी निराळ्या अर्थकारणातून घडले. एका टर्मिनलची किंमतच इतकी मोठी असे की कळफलकावर किती खर्च झाला याला फारसे महत्त्व नव्हते. आयबीएमच्या त्या काळातल्या बीम स्प्रिंग यंत्रणेत प्रत्येक कळीसाठी स्वतंत्र, अनेक भागांची जुळणी होती. तिच्या जागी आलेल्या बकलिंग स्प्रिंगचे, म्हणजे दाबाखाली अचानक एका बाजूला वाकणाऱ्या स्प्रिंगचे, पेटंट १९७८ मध्ये मंजूर झाले. १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर ती घराघरांत नव्हे, तरी कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचली. त्या पीसीचा कळफलक म्हणजेच मॉडेल एफ.

मॉडेल एफ उघडून पाहिला की त्याचा लौकिक समजतो. वरचा आणि खालचा असे दोन पोलादी पत्रे, त्यांच्यामध्ये प्रत्येक कळीची सुटी नळी, तिच्याभोवती फोमचा थर आणि तळाशी सर्किट बोर्ड, अशी ही रचना आहे. दोन्ही पत्रे किंचित वक्र असून ते एकमेकांत अडकवून ताणाखाली बसवलेले असतात. ते वेगळे करायचे तर शिकंजा लावून जोर करावा लागतो. स्प्रिंग वाकली की तिच्या बुडाशी असलेली कार्बनमिश्रित प्लास्टिकची हातोडी बोर्डावर झुकते आणि विद्युतधारितेतील, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतील, बदलावरून कळ ओळखली जाते. धातूला धातू कुठेच टेकत नसल्यामुळे झिजायला किंवा गंजायला विद्युतसंपर्कच उरत नाही. प्रत्येक कळ स्वतंत्रपणे वाचता येत असल्याने कितीही कळा एकदम दाबल्या तरी गोंधळ होत नाही.

१९८०च्या दशकाच्या मध्यास हीच स्प्रिंग ठेवून तिच्याखालचे जवळजवळ सर्व काही बदलण्यात आले. सर्किट बोर्डाच्या जागी तीन पातळ प्लास्टिक पत्र्यांचे मेम्ब्रेन आले : दोहोंवर वाहक रेषा आणि मध्ये भोके असलेला तिसरा पत्रा. सुट्या नळ्यांच्या जागी सगळ्या नळ्या एकाच प्लास्टिकच्या ओतीव पाटीत घडवल्या गेल्या. वरचा पोलादी पत्रा गेला आणि केवळ खालचा राहिला. सर्वांत दूरगामी बदल जोडणीचा होता. त्या पाटीच्या पाठीवरील प्लास्टिकचे खुंट मेम्ब्रेनमधून आणि पोलादी पत्र्यातून आरपार काढून त्यांची टोके उष्णतेने वितळवून चपटी केली जात. हेच ते प्लास्टिकचे रिव्हेट.

या निर्णयावर आजही मतभेद आहेत. समर्थकांचे म्हणणे असे की सुटे भाग कमी झाले, जुळणी यंत्रांकडे सोपवता आली, धारितेतील सूक्ष्म बदल टिपणारे खर्चिक सर्किट लागेनासे झाले आणि बोटांना जाणवणारा ठोका जवळपास तसाच राहिला. याशिवाय मॉडेल एफमधला फोम काही दशकांनी भुगा होऊन पडतो, ही त्या रचनेचीही उणीवच आहे. हे सर्व मान्य करूनही फोम बदलणे आणि रिव्हेट तुटणे यांत फरक करावाच लागतो. फोम हा बदलण्याजोगा भाग आहे. रिव्हेट हा पाटीचाच अंश असल्याने तो तुटला की मूळ पद्धतीने पुन्हा जोडता येत नाही. दुरुस्तीची वाट बंद करून मिळवलेली ही बचत होती, आणि स्प्रिंगचा ठोका कायम राहिल्यामुळे ती वापरणाऱ्याच्या लक्षात आली नाही.

शब्दाचा गुंता इथेच सुरू होतो. पुढे बाजारात स्वस्त रबरी घुमटांचे कळफलक आले, त्यांच्याही तळाशी मेम्ब्रेनच होते. त्यांच्यात बोटाला मिळणारा प्रतिसाद मात्र रबराचा असे, आणि लोकांना नकोसा झालेला गिळगिळीतपणा हा रबराचा होता, मेम्ब्रेनचा नव्हे. दुसरीकडे चेरी कंपनीच्या एमएक्ससारख्या स्विचमध्ये प्रत्येक कळीला स्वतःचा धातूचा संपर्क असतो. आपल्याकडे टंकलेखकांच्या पिढीने ज्याचा खटखटाट ऐकला तो टीव्हीएस गोल्ड कळफलक याच चेरी स्विचचा. ‘मेकॅनिकल’ शब्दाची व्याख्या या संपर्कावरून केली तर मॉडेल एम त्यात बसत नाही आणि धारितेवर चालणारा मॉडेल एफही बसत नाही. व्याख्या बोटाखालच्या यंत्रणेवरून केली तर दोन्ही बसतात. माझ्या मते दुसरी व्याख्याच उपयोगी आहे. मात्र ती स्वीकारल्यावर ‘मेम्ब्रेन’ हे दूषण म्हणून वापरता येत नाही.

कळांच्या टोप्यांबाबत मात्र मॉडेल एमने तडजोड केली नाही, आणि त्याची कीर्ती टिकली ती मोठ्या प्रमाणात यामुळेच. त्या पीबीटी प्लास्टिकच्या असून अक्षरे उष्णतेने रंग आत मुरवून उमटवलेली आहेत. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांच्या घर्षणाने काही वर्षांत गुळगुळीत होऊन चमकू लागतात. पीबीटीचा खरखरीतपणा दशके टिकतो. पीबीटी थंड होताना जास्त आकसते, त्यामुळे लांबलचक स्पेसबार सरळ ओतणे अवघड जाते. म्हणून अनेक उत्पादकांनी कळा पीबीटीच्या आणि स्पेसबार तेवढा एबीएसचा ठेवला. अॅपलच्या त्या काळातल्या कळफलकांवर पांढुरक्या कळांमध्ये पिवळा पडलेला एकच स्पेसबार दिसतो, त्याचे कारण हे आहे. एबीएस अतिनील किरणांनी आणि हवेतील ऑक्सिजनने पिवळे पडते. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो पिवळेपणा घालवता येतो, पण प्लास्टिकचा गेलेला चिवटपणा परत येत नाही.

१९९१ मध्ये आयबीएमने केंटकीतील लेक्सिंग्टनचा हा व्यवसाय वेगळा काढला. १९९०च्या दशकातील प्रती आधीच्यांपेक्षा हलक्या होत गेल्या, आणि १९९६ मध्ये त्या नव्या कंपनीनेही कळफलकांचे काम सोडले. साचे आणि यंत्रे त्याच शहरातील एका छोट्या कंपनीकडे गेली व तिथे हे उत्पादन आजही चालू आहे. गेल्या दशकात हौशी मंडळींच्या मागणीवर मॉडेल एफदेखील पोलादी पत्र्यांसह नव्याने घडवला जाऊ लागला.

जुन्या मॉडेल एमचे रिव्हेट तुटू लागल्यावर लोकांनी त्यावर उपाय शोधला. उरलेली टोके छिन्नीने काढायची, प्रत्येक खुंटाच्या जागी बारीक भोक पाडायचे आणि २ मिलिमीटरचे स्क्रू नटांसह बसवायचे. काम संथ आहे आणि एक भोक तिरके गेले तरी पाटी फुटू शकते. त्यामुळे जुना कळफलक विकत घेताना जाणकार मागच्या चिठ्ठीवरील उत्पादनाची तारीख वाचतातच, पण त्याआधी तो कानाजवळ धरून हळूच हलवतात. तुटलेली रिव्हेटची डोकी आत खुळखुळतात.