बंब आणि भाता: जुन्या विक्रांतची टर्बाइन, नव्या विक्रांतची टर्बाइन

धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीत शेजारच्या मुलाने मला गाठलं. "जुन्या विक्रांतला स्टीम टर्बाइन, म्हणजे ती कोळशावर चालायची. नवीला गॅस टर्बाइन, म्हणजे ती गॅसवर. बरोबर ना?"

दोन्ही चूक. पण चूक अशी की निम्म्या कोकणाची होत असेल. आपल्याकडे वाफेच्या बोटीला आगबोट म्हणायची सवय, आणि आगबोट म्हटलं की फावड्याने कोळसा ओढणारा काळाकुट्ट खलाशी डोळ्यांपुढे येतो. जुनी विक्रांत ही विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी नौदलात आली. ती जाळायची ते फर्नेस ऑइल, म्हणजे डांबराच्या नात्यातलं जाड काळं तेल. २ सप्टेंबर २०२२ ला आलेली नवी विक्रांतही गॅसवर चालत नाही, डिझेलच्या जातीचं तेल जाळते. गॅस टर्बाइनमधला 'गॅस' म्हणजे सिलिंडरमधला नव्हे. तेल जळून जे तापलेले वायू होतात, ते चाक फिरवतात म्हणून ते नाव.

टर्बाइन म्हणजे काय, इथपर्यंत दोघींत भांडण नाही. एका दांड्यावर पात्यांची चाकं ओळीने बसवलेली, आणि जोराने येणारा झोत ती फिरवतो. वर-खाली होणारा दट्ट्या नाही, नुसतं गरगर फिरणं. ब्रिटनच्या चार्ल्स पार्सन्सने १८९७ मध्ये स्पिटहेडच्या नौदल संचलनात आपली टर्बिनिया नावाची छोटी बोट घुसवली. ३४ नॉटच्या आसपास पळणाऱ्या तिला पकडायला कुणाला जमेना. नऊच वर्षांनी, १९०६ मध्ये, ड्रेडनॉट ही टर्बाइनवर चालणारी युद्धनौका आली आणि मोठ्या लढाऊ जहाजांवरच्या दट्ट्यांच्या इंजिनाचे दिवस भरले.

खरा फरक आग कुठे आहे, त्यात आहे. वाफेच्या जहाजात आग एका खोलीत आणि टर्बाइन दुसऱ्या खोलीत. मध्ये पाणी.

हे मला समजलं ते आप्पामामांमुळे. आईचे मामेभाऊ, गोदावरी वर्गाच्या फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर, स्टोकर होते. (हातात फावडं नसलं तरी नौदलात बॉयलर-इंजिनवाल्याला स्टोकरच म्हणतात.) मागल्या दारी आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटलेला असायचा. त्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ह्यात आग कुठे? मधल्या नळीत. पाणी कुठे? तिच्या भोवती. आमच्या बॉयलरात हेच उलटं कर. पाणी नळ्यांत आणि आग भोवती." मग आमच्या कौलारू घराकडे बघून पुढे, "आकार असा. वर आढ्याच्या जागी वाफेचा ड्रम. खाली दोन्ही बाजूंना पाण्याचे दोन ड्रम. वाशांच्या जागी शेकडो नळ्या. आणि घरात माणसांऐवजी जाळ."

इतक्या नळ्या कशासाठी, तर जाळाला पाण्याचं जितकं अंग मिळेल तितकी वाफ लवकर. जुन्या विक्रांतवर असे चार बॉयलर होते आणि दाब होता चौरस इंचाला ४०० पौंड. आपल्या कुकरची शिट्टी १५ पौंडांच्या आसपास होते, त्यावरून अंदाज करावा. ड्रममधली वाफ ओलसर असते. तिला आणखी नळ्यांतून फिरवून पुन्हा तापवायचं, कारण ओल राहिली तर पाण्याचे थेंब टर्बाइनच्या पात्यांवर आपटून ती झिजतात. अशी सुकी तापलेली वाफ दिसत नाही. किटलीच्या तोंडाशी पांढरं दिसतं ते थंड झालेले थेंब. म्हणून कुठे हिस्स ऐकू आलं, की मामा हात पुढे न करता झाडूचा दांडा पुढे धरून चालायचे. दांड्याला धक्का बसला, की गळती तिथे.

बॉयलरातून निघालेली वाफ आधी उच्च दाबाच्या टर्बाइनमध्ये जाते. तिथे थोडा जोर देऊन थोराड पात्यांच्या कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये, आणि शेवटी कंडेन्सरमध्ये. कंडेन्सर म्हणजे समुद्राचं पाणी वाहणाऱ्या हजारो बारीक नळ्या. त्यांना लागून वाफेचं पाणी होतं, जागा एकदम आकसते आणि तिथे हवेपेक्षाही कमी दाब तयार होतो. म्हणजे वाफेला पुढून ओढही मिळते. समुद्र जितका गार तितकी ही ओढ जास्त. इंग्लंडच्या गार पाण्याच्या हिशेबाने बांधलेलं जहाज मे महिन्यात रत्नागिरीसमोर ३० अंशांच्या पाण्यात आलं, की तेवढंच तेल जाळून थोडं कमी देतं.

कंडेन्सरमधलं पाणी पंपाने पुन्हा बॉयलरात. तेच पाणी, तीच वाफ, गोल गोल. या चक्रात मीठ शिरणं हे स्टोकरांचं सगळ्यात मोठं भय. कंडेन्सरची एक नळी जरी फुटली, तरी समुद्राचं पाणी बॉयलरकडे निघतं आणि नळ्यांना आतून पापुद्रे धरतात. म्हणून पाण्याचा नमुना घेऊन मीठ तपासायचं, दिवसरात्र. समुद्राचं पाणी उकळून काढलेलं गोडं पाणी आधी बॉयलरला, उरलं तर माणसांना. "आठवडाभर अंगाला पाणी नाही आणि बॉयलर मात्र न्हालेला," असं मामा हसून सांगायचे. माझ्या मते वाफेच्या जहाजाचं सगळं वेगळेपण त्या पाण्यातच आहे.

१९७० च्या जूनमध्ये जुनी विक्रांत मुंबईच्या गोदीत अडकली तीही याच भागामुळे. बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना तडे गेले होते आणि ते वेल्डिंगने भरण्यासारखे नव्हते. नवे ड्रम ब्रिटनहून यायचे होते. टर्बाइन ठणठणीत, पण वाफ नाही म्हणजे जहाज नाही. १ मार्च १९७१ ला कमी दाबावर बॉयलर पेटवले, हळूहळू चाचण्या केल्या, आणि बांगलादेश युद्धात ४ डिसेंबरला तिची सी हॉक लढाऊ विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर होती. ही विमानं डेकवरून उडवणारा कॅटापुल्टसुद्धा त्याच बॉयलरांच्या वाफेवर चालायचा.

आता दुसरी. गॅस टर्बाइनसाठी बंब विसरा आणि लोहाराचा भाता आठवा. भाता हवा कोंबतो, निखारे फुलतात. आता असं समजा, की त्या जाळाच्या झोतापुढे एक चाक आहे आणि तेच चाक भाता ओढतंय. पुढे हवा दाबणारी पाती, मध्ये तेल जळण्याची जागा, मागे टर्बाइनची पाती. पाणी कुठेच नाही. जळलेले वायू थेट पात्यांवर. त्यांचं तापमान हजार अंशांच्या पुढे, म्हणून पाती खास मिश्रधातूची आणि आतून हवेने गार केलेली. आगीतून निघालेल्या ताकदीचा निम्म्याहून मोठा वाटा हा भाताच खातो. उरते ती प्रोपेलरला.

हे विमानाच्या इंजिनासारखं वाटलं असेल, तर ते तेच आहे. नव्या विक्रांतवर एलएम २५०० जातीच्या चार टर्बाइन आहेत, मिळून ८८ मेगावॉट. एअर इंडियाच्या एअरबस ए३०० ला जी सीएफ६ इंजिनं असायची, त्यांच्याच घराण्यातल्या. जुनीची ताकद ४०,००० अश्वशक्ती, नवीची जवळपास तिप्पट. अर्थात नवीचं वजनही दुपटीहून जास्त.

मामांना विचारलं, की बरी कुठली. उत्तर आलं झोपेवरून. सकाळी बंदर सोडायचं तर त्यांना मध्यरात्री उठून बॉयलर पेटवावा लागे. घाईने तापवला तर नळ्या आणि सांधे ताणतात, म्हणून हळूहळूच. गॅस टर्बाइन काही मिनिटांत तयार होते. बॉयलर रूममध्ये घाम गाळणारी माणसंही लागत नाहीत. फुकट मात्र काहीच नाही. तिला प्रचंड हवा लागते, म्हणून जहाजाच्या पोटातून मोठाले धुरांडे-झरोके न्यावे लागतात, आणि हवेतलं मीठ गाळावं लागतं. (मिठापासून सुटका इथेही नाही!) जाड काळं तेल तिला चालत नाही, आणि सावकाश चालताना ती तेलाला महाग पडते. बॉयलर नसल्यामुळे वाफेचा कॅटापुल्टही नाही. नव्या विक्रांतवरून विमानं पुढच्या चढावरून झेप घेतात.

मागे जाणं दोघींनाही येत नाही, कारण पाती एकाच दिशेची. वाफेच्या जहाजात त्याच दांड्यावर उलट्या पात्यांची एक छोटी टर्बाइन असते आणि स्टोकरपुढे वाफेच्या झडपांची दोन हातचाकं, एक पुढे जायचं, एक मागे. गॅस टर्बाइनच्या जहाजात बहुधा प्रोपेलरची पातीच जागच्या जागी वळवतात. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते आणि प्रोपेलरला शंभर-दोनशे पुरतात, म्हणून मोठा गिअरबॉक्स दोन्हीकडे लागतोच.

एवढं होईपर्यंत फेरीबोट खाडीच्या मध्यावर आली होती. मी मुलाला अंजनवेलच्या वीज प्रकल्पाची धुरांडी दाखवली. तिथे दोन्ही जाती एका छपराखाली नांदतात. गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर पाणी उकळतात आणि त्या वाफेवर दुसरी टर्बाइन फिरवतात. दोन गॅसच्या, एक वाफेची, असे तीन संच. आणि १९९९ मध्ये तिथे वीज सुरू झाली तेव्हा त्या गॅस टर्बाइन नाफ्था, म्हणजे पेट्रोलच्या जातीचं पातळ तेल, जाळत होत्या.

"मग नौदलात वाफ संपली?" संपली नाही. विक्रमादित्य या दुसऱ्या विमानवाहू नौकेवर आजही आठ बॉयलर आहेत. पण आयएनएस ब्यास या फ्रिगेटची वाफेची यंत्रणा काढून डिझेल इंजिनं बसवायचा करार २०२३ मध्ये कोचीच्या शिपयार्डशी झाला. ती बातमी मी मामांना वाचून दाखवली, तेव्हा ते थोडा वेळ बंबाकडेच बघत राहिले.

"डिझेल? म्हणजे फेरीबोटच केली की रे तिची."