सांगोला विधानसभा मतदारसंघ : निवडणुकांचा इतिहास

सांगोला (क्रमांक २५३) हा सोलापूर जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ. सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातील काही गावे त्यात येतात. २००८ च्या पुनर्रचनेपासून तो माढा लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. हा माणदेशाचा टापू. पाऊस बेभरवशाचा, माण नदीचे पात्र वर्षातले बरेच महिने कोरडे. ज्वारी-बाजरीवर गुजराण करणाऱ्या या शिवाराला पुढे डाळिंबाने हात दिला. गटातटाचे राजकारण इथेही आहेच, पण ‘पाणी कधी येणार’ या प्रश्नाला बगल देऊन इथे प्रचार करता येत नाही.

या मतदारसंघाचा इतिहास म्हणजे बव्हंशी गणपतराव देशमुख यांचा इतिहास. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) उमेदवार म्हणून ते १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले, १९६७ मध्ये पुन्हा आले. १९७२ ला काँग्रेसने त्यांना हरवले; १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी जागा परत मिळवली. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग चार विजय. ‘आबासाहेब’ हे त्यांचे नाव तालुक्यात घरच्या माणसासारखे घेतले जाई. एसटीत आमदारांसाठी राखीव असलेल्या आसनावर बसून प्रवास करणारा हा माणूस लोकांनी वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे साधेपणा सांगण्यासाठी त्यांना वेगळा प्रचार करावा लागला नाही. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी करून ती नीट चालवली, हेही मतदारांच्या हिशेबात होते. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडी यांच्या बरोबरीने त्यांनी दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेच्या पाण्याची मागणी लावून धरली.

१९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. एखाद्या लहान वाडीचे मतदान इकडचे तिकडे झाले असते तरी निकाल फिरला असता. पुढची पंचवीसेक वर्षे या दोन नावांभोवतीच सांगोल्याचे राजकारण फिरत राहिले. १९९९, २००४, २००९ आणि २०१४ या चारही वेळा गणपतराव जिंकले. मंत्रिपद त्यांना १९७८ नंतर पुलोद (शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात मिळाले. पण मतदारसंघाने त्यांना निवडले ते मंत्रिपदासाठी नव्हे, कारण त्यांच्या कारकिर्दीचा बहुतेक काळ विरोधी बाकांवरच गेला.

एकूण अकरा विजय हा महाराष्ट्रातला विक्रम आहे. तो देशातलाही असल्याचे अनेकदा छापले जाते, ते मात्र बरोबर नाही : केरळमध्ये के. एम. मणी हे पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. गणपतरावांचे मोठेपण या दुरुस्तीने कमी होत नाही. राज्यभर शेकाप आटत गेला, रायगडसारखे बालेकिल्लेही ढासळले, तरी सांगोल्याने तो पक्ष धरून ठेवला, हे अधिक महत्त्वाचे.

२०१९ मध्ये वयामुळे ते उभे राहिले नाहीत. शेकापकडून लढलेले नातू डॉ. अनिकेत देशमुख यांचा, आता शिवसेनेत असलेल्या शहाजीबापूंनी ७६८ मतांनी पराभव केला. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले. जून २०२२ च्या शिवसेनेतील बंडात शहाजीबापू एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेले आणि तिथून फोनवर बोललेले ‘काय झाडी, काय डोंगार’ हे माणदेशी बोल राज्यभर पोचले.

२०२४ ची लढत तिरंगी झाली. शिंदेंच्या शिवसेनेकडून शहाजीबापू होते. महाविकास आघाडीत ही जागा ठाकरे गटाला सुटून दीपक साळुंखे उमेदवार झाले, त्यामुळे शेकाप स्वतंत्रपणे उतरला. गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख २५ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. त्या विधानसभेत शेकापचे ते एकमेव आमदार ठरले.