मंडूकपर्णी (एकपानी) : कुळागरातील लागवड

मंडूकपर्णी ही जमिनीसरपट पसरणारी बहुवर्षायू ओषधी असून गोव्यात ती कुळागरात, म्हणजे पोफळी (सुपारी) व माडांच्या मिश्र बागेत, झाडांच्या सावलीत, पाटाच्या काठाने आणि परसातल्या विहिरीजवळ वाढते. व्यवहारात तिला एकपानी किंवा एकपानी ब्राह्मी म्हणतात. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. कोथिंबीर आणि गाजर ज्या एपिएसी कुलातील, त्याच कुलातील ही वनस्पती. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिचे वर्णन हायड्रोकोटिल एशियाटिका या नावाने केले होते. आजचे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ उर्बान यांनी १८७९ मध्ये दिले.

पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, साधारण २ ते ५ सेंमी. रुंद, कडेला बोथट दाते असलेले. धावते खोड बारीक, बहुधा तांबूस. त्याच्या प्रत्येक पेऱ्याला खाली मुळे आणि वर लांब देठांच्या पानांचा झुबका फुटतो. फुले इवली, फिकट गुलाबी, देठांच्या बुडाशी दडलेली, त्यामुळे सहसा दृष्टीस पडत नाहीत. खरी ब्राह्मी (बॅकोपा मोनिएरी) वेगळी : तिची पाने लहान, मांसल, समोरासमोर असतात आणि तिला ऊन लागते. उंदीरकानीची पाने मात्र एकपानीशी फसवण्याइतकी जुळतात. उंदीरकानीला पिवळी फुले येतात. रोप आणताना एवढी खात्री करून घ्यावीच.

फोंडा, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील कुळागरे डोंगराच्या पायथ्याशी, झरीच्या पाण्यावर उभी असतात. वर माड व पोफळ, पोफळीवर मिरवेल, मधे जायफळ आणि केळी, त्याखाली हळद-आले अशी चवड असते. या सगळ्यांच्या तळाशी जी जमीन उरते ती एकपानीची. अर्धी सावली तिला मानवते. सावलीत पाने रुंद व कोवळी, देठ लांब होतात. भर उन्हात पान लहान आणि राठ राहते. अगदी गर्द काळोखात मात्र ती विरळ होते. माती सदैव ओलसर हवी, पण पाणी वाहते असावे. तुंबलेल्या वाफ्यात पानांवर ठिपके पडतात व मुळे कुजतात.

उतारावरील जांभ्या मातीचा वरचा थर पावसाच्या माऱ्याने सुटतो. एकपानीची जाळी तो धरून ठेवते, म्हणून कुळागराची जमीन खरवडून स्वच्छ करण्याची सवय हानिकारक आहे. पोफळीची मुळेही वरच्याच थरात पसरलेली असतात. कुदळ खोल घालू नये. लागवडीला खुरपे पुरते. मुळे फुटलेल्या पेऱ्यांचे तुकडे २० ते ३० सेंमी. अंतरावर दाबायचे, वर कुजलेल्या पाल्याचे खत पसरायचे. पोफळीच्या बुंध्याभोवतीचे आळे खतासाठी मोकळे ठेवावे.

लागवडीची वेळ निवडताना पोफळीचा कोळेरोग (फळे कुजून गळण्याचा रोग) ध्यानात घ्यावा लागतो. या बुरशीजन्य रोगासाठी पोफळीच्या घोसांवर पावसाच्या तोंडावर, आणि पुढे सुमारे ४० ते ४५ दिवसांनी पुन्हा, १ टक्का बोर्डो मिश्रण फवारतात : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. फवारणीचे थेंब खाली गळतात आणि एकपानीच्या पानांवर निळसर डाग धरतात. अशी पाने खाण्यासाठी खुडू नयेत. ती कापून टाकावीत आणि नवी फूट येऊ द्यावी. म्हणून दुसरी फवारणी उरकल्यावर, गणेश चवथीच्या सुमारास एकपानी लावणे सोयीचे. तोवर पावसाचा जोरही ओसरलेला असतो, तुकडे वाहून जात नाहीत. गोगलगायी कोवळी पाने फस्त करतात. त्या सकाळी हाताने वेचणे हाच खात्रीचा उपाय. पाऊस गेल्यावर पाटाचे शिंपण सुरू झाले की तिला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. शिंपण नसलेल्या परसात मार्च-एप्रिलमध्ये पाने सुकतात, पण पाऊस पडताच तग धरलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटतात.

लागवडीनंतर सुमारे तीन महिन्यांनी तोडणी करता येते. देठासह पान खुडावे. धावते खोड उपटू नये, कारण पुढची सगळी वाढ त्यातूनच व्हायची असते. पाने लवकर कोमेजतात, म्हणून लागतील तेवढीच तोडावी. खोबरे, मिरची आणि चिंचेबरोबर वाटून त्यांची चटणी करतात. ताकातली तंबळीही (भाताबरोबरचे पातळ तोंडीलावणे) होते. चव किंचित कडवट. चरकसंहितेत मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांमध्ये मंडूकपर्णीच्या स्वरसाचा (ताज्या रसाचा) उल्लेख आहे. पानांतील एशियाटिकोसाइड या घटकामुळे जखमा भरून येण्याशी तिचा संबंध अभ्यासला गेला आहे. औषध म्हणून नेमाने घ्यायची तर वैद्याला विचारूनच, गरोदरपणात विशेषकरून.

मोरीच्या सांडपाण्यावर किंवा रस्त्याकडेच्या गटारात उगवलेली एकपानी कितीही टवटवीत दिसली तरी तोडू नये. ती मातीतील जड धातू शोषून घेते, आणि पाने कच्ची खाल्ली जात असल्याने घाणीतले जंतूही पोटात जातात. रोपांसाठी तुकडे आणायचे असतील तर तेसुद्धा झरीच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या जागेतूनच आणावेत.