न सापडणारे पान आणि पांढरे पडणारे पान

तारकर्लीतील एखाद्या होमस्टेचे आरक्षण वेब ॲप्लिकेशनवर चालते असे समजू. पाहुणा मुख्य पानावरून खोल्यांच्या यादीत आणि तिथून एका खोलीच्या पानावर जातो, तोवर सारे सुरळीत असते. पण त्याच खोलीची लिंक त्याने व्हॉट्सॲपवर घरच्यांना पाठवली आणि त्यांनी ती उघडली, की खोली दिसत नाही. यामागे दोन निराळे दोष असू शकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर गुंता वाढतो.

पहिला दोष मार्गक्रमणाचा आहे. ॲप्लिकेशनच्या आत फिरताना ब्राउझर सर्व्हरकडे नवे पान मागत नाही. जावास्क्रिप्ट हिस्टरी एपीआय या ब्राउझरमधील सोयीच्या साहाय्याने ॲड्रेस बारमधील पत्ता बदलते आणि मजकूर स्वतःच मांडते. लिंक थेट उघडली किंवा पान रिफ्रेश केले, की मात्र /खोल्या/५ हा पत्ता खरोखर सर्व्हरपर्यंत पोहोचतो, आणि तिथे अशी फाइल नसल्यामुळे ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’, हे उत्तर येते. अनोळखी पत्त्याला इंडेक्स पान, म्हणजे ॲप्लिकेशन सुरू करणारे मूळ पान, परत द्यावे, असे सर्व्हरला सांगणे हा त्यावरचा उपाय. एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्राय फाइल्स’ या सूचनेने ते साधते.

दुसरा दोष फाइलींचा आहे आणि तो अधिक फसवा आहे. इंडेक्स पान व्यवस्थित येते, पण त्यात स्क्रिप्टचा पत्ता असेट्स/मुख्य.जेएस असा सापेक्ष, म्हणजे आरंभी स्लॅश नसलेला, लिहिलेला असतो. सापेक्ष पत्ता ब्राउझर चालू पानाच्या पत्त्यावरून मोजतो, त्यामुळे /खोल्या/५ या पानावर तो /खोल्या/असेट्स/मुख्य.जेएस अशी नसलेली फाइल मागतो. नुसत्या /खोल्या या पानावर हिशेब योगायोगाने बरोबर येतो, म्हणून वरवरच्या चाचणीत हा दोष सापडत नाही.

खरी अडचण पुढे आहे. पहिल्या दोषासाठी केलेली सोय सरसकट लावली असेल, तर त्या नसलेल्या स्क्रिप्टच्या जागीही सर्व्हर २०० या यशस्वी उत्तरासह इंडेक्स पानच पाठवतो. जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल मिळाल्याने ब्राउझर अनपेक्षित ‘<’ चिन्हाची किंवा चुकीच्या माइम प्रकाराची (फाइल कोणत्या प्रकारची आहे ते सांगणारी खूण) तक्रार करतो, पडदा पांढरा राहतो आणि माणूस निर्दोष कोडमध्ये चूक शोधत बसतो. अशा वेळी आधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क विभाग उघडावा: पानाच्या मागणीलाच ४०४ आले असेल तर दोष पहिला, आणि स्क्रिप्टच्या उत्तरात एचटीएमएल दिसले तर बहुधा दुसरा.

दुसऱ्याचा उपाय म्हणजे पत्ता मुळापासून, म्हणजे आरंभी स्लॅश देऊन, लिहिणे. ॲप्लिकेशन उपफोल्डरमध्ये असेल तर बिल्ड साधनाच्या (कोडपासून अंतिम फाइली बनवणारे साधन) ‘बेस’ सेटिंगमध्ये तो फोल्डर नोंदवावा. एचटीएमएलमधील बेस टॅगनेही (सापेक्ष पत्ते कुठून मोजायचे ते सांगणारी खूण) काम होते, परंतु त्याने पानातल्या हॅश चिन्हाने (#) सुरू होणाऱ्या लिंकही बदलतात, म्हणून मी तो शेवटचा पर्याय मानतो. त्याचबरोबर असेट्स फोल्डर इंडेक्सच्या सोयीतून वगळावा. नसलेल्या फाइलीला प्रामाणिक ४०४ मिळालेच पाहिजे.

पत्ते अचूक असूनही हेच लक्षण नवी आवृत्ती चढवल्यावर दिसू शकते. जुना टॅब उघडा ठेवलेल्या पाहुण्याचा ब्राउझर जुन्या नावाच्या फाइली मागतो आणि त्या पुसलेल्या असतात. यासाठी इंडेक्स पान दर वेळी सर्व्हरकडून पडताळले जाईल असे ठेवावे, नावात हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा संकेतांक) असलेल्या फाइली दीर्घकाळ कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, राहू द्याव्यात आणि मागील आवृत्तीच्या फाइली सर्व्हरवरून लगेच काढू नयेत.